दोन विहिणी, दोन बाटल्या

हुकूमबाई पत्त्यांत लबाडी करतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रारही नव्हती. तक्रार करणार कशी? त्यांना रंगेहाथ कुणी कधी पकडलंच नव्हतं. उभा जन्म त्यांनी नवऱ्याच्या बरोबरीने घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि केसाहून बारीक स्प्रिंग जागच्या जागी बसवायची, असलं ते काम. नवरा गेला, दुकान बंद झालं, पण बोटांची सवय कुठे जाते? ती रविवारच्या पत्त्यांत शिरली. स्वेटरच्या बाहीत एखादं पान सरकवायचं आणि वेळ आली की असं अलगद बाहेर काढायचं, की समोरच्याने शपथेवर सांगावं, हे पान बाईंच्या हातात पहिल्यापासूनच होतं. दर डावात हुकमाची पानं यांच्याकडेच निघतात म्हणून मुलाने त्यांना हुकूमबाई म्हणायला सुरुवात केली. घरात हुकूमही त्यांचाच चालायचा, त्यामुळे ते नाव दोन्ही बाजूंनी घट्ट बसलं.

आणि मग एका रविवारी घात झाला. डाव रंगात आला होता, हुकूमबाईंनी बाही जरा झटकली, आणि इस्पिकचा एक्का हातात यायच्या ऐवजी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फरशीवर जाऊन पडला. मुलगा आढ्याकडे बघू लागला, सून आपल्या पानांकडे. हुकूमबाईंनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, की जणू तो हात शेजाऱ्यांचा आहे.

समोर बसल्या होत्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. शाळेत वर्षानुवर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. पाठीचा कणा पट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि बोलणं त्याहून सरळ. रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत एकट्या राहायच्या, आणि रविवारी जेवायला, भांडायला आणि हरायला इकडे यायच्या. त्या आधी गालातल्या गालात हसल्या, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं बाई, एक्क्याला पाय फुटले! थांबा, मी देते उचलून," असं म्हणत त्या वाकल्या.

पण गुळगुळीत फरशीवर सपाट पडलेलं पान उचलायला नखाएवढी जागा लागते आणि दोन बोटांची चिमूट लागते. विहीणबाईंची चिमूट काही मिटेना. त्यांनी पान इकडून ढकललं, तिकडून ढकललं, टेबलाखाली नेलं, परत आणलं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं आणि हुकूमबाईंचं उगवलं.

"असू द्या हो विहीणबाई," हुकूमबाई गोड आवाजात म्हणाल्या. "माझी पानं खाली पडतात, तुमची वर येत नाहीत. चालायचंच."

शेवटी पान सुनेने उचललं, आणि डाव तिथेच मोडला.

दोघींचं दुखणं एकच होतं. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर वाटाण्याएवढ्या गाठी, अंगठ्याच्या बुडाशी कळ, आणि सकाळी उठल्यावर हात असे आखडलेले, की ब्रश धरायच्या आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायचे. दोघींनी ते एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं, कारण विहिणीपुढे कण्हण्यापेक्षा मेलेलं बरं. आता दोघींचंही बिंग फुटलं.

सून कामावर जाताना मोठ्या रुग्णालयावरून जायची. तिथल्या फाटकावर सूचना लागली होती, की हाताच्या सांध्यांच्या आजारावर नव्या औषधाचं संशोधन चालू आहे आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. आपल्या आईला ती 'आई' म्हणायची आणि सासूला 'अहो आई'. तिने दोघींनाही एकाच दमात सांगितलं, "आई, अहो आई, उद्या दोघींनी माझ्याबरोबर यायचं. आणि वाटेत भांडायचं नाही."

संशोधन विभाग तळमजल्यावर होता. भिंतीवर हाडांच्या हाताचं मोठं चित्र, टेबलावर दाबायची, खुपसायची आणि मोजायची यंत्रं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. केसांचा बुचडा बांधून त्यात पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधायची, अशी त्यांची पद्धत. त्यांनी दोघींची बोटं एकेक करून दाबून पाहिली, गार मलम लावून सांध्यांच्या आतलं चित्र पडद्यावर पाहिलं. मुठीत एक यंत्र देऊन ते जोर लावून दाबायला सांगितलं आणि पकड मोजली. मग भोकं पाडलेली एक फळी पुढे ठेवली आणि बारीक खुंट्या त्या भोकांत भरायला सांगितल्या. हुकूमबाई खुंट्या भरता भरता पुटपुटल्या, "एके काळी याच्या शंभराव्या हिश्शाएवढे स्क्रू बसवत होते मी."

"एके काळी," विहीणबाई पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाल्या.

"हे बघा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हा दोघींच्या सांध्यांमधली गादी, म्हणजे कूर्चा, झिजली आहे आणि सांध्यांत सूज आहे. झीज भरून काढणारं औषध अजून तरी जगात कुणाकडे नाही. आम्ही सूज कमी करून बघतोय. निम्म्या लोकांना औषधाची कॅप्सूल मिळेल, निम्म्यांना रिकामी. दिसायला दोन्ही सारख्याच."

"मला भरलेली द्या," हुकूमबाई म्हणाल्या.

"ते माझ्या हातात नाही. कुणाला कोणती मिळाली ते मलाही माहीत नसतं."

"तुम्हाला नाही, आम्हाला नाही. मग माहीत तरी कुणाला?"

"कंप्युटरला. आणि वरच्या एका समितीला, पण ते आम्हाला शेवटपर्यंत सांगत नाहीत. मला कळलं तर मी नकळत औषधवाल्यांकडे जास्त कौतुकाने बघेन. तुम्हाला कळलं तर तुमचं दुखणंही बदलेल. म्हणून कुणालाच कळू द्यायचं नाही. आणि एक गोष्ट मला कबूल करा. आपली बाटली आपणच वापरायची. देवाणघेवाण नाही, तुलना नाही."

विहीणबाईंनी ताठ बसून मान हलवली. हुकूमबाईंनीही हलवली, पण हे त्यांच्याने निभणार नव्हतं. झाकलेली गोष्ट बघितल्याशिवाय या बाईने आजवर कधी जेवणसुद्धा केलं नव्हतं, आणि इथे कित्येक महिने न बघता गिळायचं होतं.

बाटल्या मिळाल्या. हिरव्या-पांढऱ्या कॅप्सूलनी भरलेल्या, वर ज्याचा त्याचा क्रमांक. झाकण मात्र असं, की आधी दाबायचं आणि दाबून धरूनच फिरवायचं, म्हणजे लहान मुलांनी उघडू नये. बोटं न चालणाऱ्या माणसांना हे झाकण देणाऱ्याच्या अकलेला हुकूमबाईंनी घरी येईपर्यंत हात जोडले. मुलाने त्यांच्या झाकणातली ती खटपट पकडीने मोडून टाकली, तेव्हा कुठे पहिली कॅप्सूल पोटात गेली.

पहिली बाटली संपत आली तरी हुकूमबाईंच्या हाताला ढिम्म फरक नव्हता. सकाळी तेच आखडणं, रात्री तीच कळ. आणि अशातच एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जॅमची नवी बरणी आली. मुलाने झाकण फिरवलं, उघडेना. सुनेने फडकं लावून बघितलं, उघडेना.

"आण इकडे," विहीणबाई म्हणाल्या. बरणी घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. "नॅपकिन घेते जरा," असं तिथूनच म्हणाल्या आणि परत येऊन सगळ्यांच्या समोर उभ्या राहिल्या. एका हातात बरणी, दुसऱ्या हाताची बोटं झाकणावर, आणि टक! झाकण निघालं.

विहीणबाईंनी झाकण पालथं ठेवलं आणि सहज म्हटलं, "हल्ली बरं वाटतंय बाई हाताला. काय असेल ते असो."

हुकूमबाईंच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. म्हणजे भरलेली हिला! आणि रिकामी मला! त्यानंतर विहीणबाई जे करतील ते हुकूमबाईंच्या डोळ्यांत खुपू लागलं. विहीणबाईंनी नातेवाइकांना हाताने पत्र लिहिलं म्हणे. विहीणबाईंनी सुईत दोरा ओवला म्हणे. हे सगळं 'म्हणे'च होतं आणि सांगणाऱ्याही विहीणबाईच होत्या, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बरणी उघडून झाल्यावर विहीणबाईंनी हात टेबलाखाली नेऊन बराच वेळ वर काढला नव्हता, हेही त्यांनी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. मत्सराला डोळे असतात, पण त्याला हवं तेवढंच दिसतं.

दोघी पुन्हा रुग्णालयात गेल्या. रक्त दिलं, यंत्र दाबलं, खुंट्या भरल्या, नव्या बाटल्या मिळाल्या. हुकूमबाईंनी परतीच्या वाटेवर एक अक्षर काढलं नाही. विहीणबाईंना वाटलं, यांना बरं नाहीये. पण बाई बेत आखत होत्या.

दोन दिवसांनी त्या रस्ता ओलांडून विहीणबाईंकडे गेल्या. हातात फुलं, ओठांवर हसू, आणि पर्समध्ये स्वतःची बाटली.

"या, या! आज इकडे कुठे वाट चुकलात?" विहीणबाई खरोखरच खूश झाल्या. "बसा, कॉफी करते."

त्या स्वयंपाकघरात वळल्या तशा हुकूमबाई उठल्या. विहीणबाईंचं घर वहीसारखं होतं, जी वस्तू जिथे असायला हवी ती तिथेच. बाटली औषधांच्या कप्प्यात उभी. क्रमांक दिसेल अशी बाहेर तोंड करून. बाटल्यांची अदलाबदल करून भागणार नव्हतं, भूमितीच्या बाईंना क्रमांक नक्की पाठ असणार. आतल्या कॅप्सूलच बदलायला हव्या होत्या. स्वतःच्या कॅप्सूल त्यांनी आधीच रुमालात बांधून आणल्या होत्या, त्यामुळे त्यांची बाटली रिकामीच होती. राहिलं होतं एकच, विहीणबाईंचं झाकण.

हुकूमबाईंनी दाबलं आणि फिरवलं. झाकण कटकट करत जागच्या जागी फिरलं. तळवा लावून दाबलं, कोपराने दाबलं, दातांत धरलं आणि दातांची आठवण होऊन लगेच सोडलं.

"साखर किती घालू?" आतून आवाज आला.

"घाला हो, घाला तुमच्या अंदाजाने!"

शेवटी त्यांनी झाकण दाराच्या बिजागरीच्या फटीत अडकवलं, खांद्याने दार रेटलं आणि दोन्ही तळव्यांत धरून बाटली फिरवली. झाकण उडालं. बाटली निसटली. आणि विहीणबाईंच्या स्वच्छ गालिच्यावर हिरव्या-पांढऱ्या कॅप्सूलचा सडा पडला.

हुकूमबाई गुडघ्यांवर बसल्या. कॅप्सूल बोटांत येईनात. एक धरावी तर दुसरी पळावी. डॉक्टरीणबाईंच्या खुंट्या बऱ्या होत्या, त्या निदान गडगडत नव्हत्या. तळव्याने सारून, रुमालाने ओढून, देवाचं आणि देवाला न आवडणारं असं सगळं पुटपुटत त्यांनी त्या गोळा केल्या आणि आपल्या बाटलीत भरल्या. रुमालातल्या कॅप्सूल विहीणबाईंच्या बाटलीत गेल्या, झाकण बसलं, बाटली कप्प्यात क्रमांक पुढे करून उभी राहिली.

विहीणबाई कपबश्या घेऊन आल्या तेव्हा हुकूमबाई सोफ्यावर होत्या, पण धापा टाकत होत्या.

"काय झालं हो? चेहरा लाल झालाय."

"तुमचे जिने!" हुकूमबाई म्हणाल्या. "जिने फार आहेत तुमच्याकडे."

"जाताना लिफ्टने जा," विहीणबाई म्हणाल्या. "आलात तशाच."

त्या दिवसापासून हुकूमबाईंचा हात सुधारू लागला. आठवडाभरात सकाळचं आखडणं कमी झालं. मग मूठ मिटू लागली. एके दिवशी त्यांनी कपाटातून जुना चिमटा काढला, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवायला लावलं आणि दुपारभर बसून चालू केलं. मुलाने आईला असं कामात वाकलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो दारात उभा राहून बघत राहिला आणि चहा ठेवून गेला.

पण सुख निर्भेळ नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. विहीणबाई आता औषधावाचून असतील, त्यांचे हात पुन्हा आखडतील, या विचाराने हुकूमबाईंना रविवारी त्यांच्याकडे बघवेना. त्या विहीणबाईंना आग्रहाने वाढू लागल्या, त्यांच्या पिशव्या उचलू लागल्या. एकदा तर त्यांनी पत्त्यांत विहीणबाईंना मुद्दाम जिंकू दिलं. सुनेने नवऱ्याच्या कानात विचारलं, "अहो आईंना ताप वगैरे नाही ना?"

आणि गंमत म्हणजे विहीणबाईंचे हात काही बिघडलेले दिसेनात.

पुढच्या तपासणीला हुकूमबाईंनी यंत्र असं दाबलं, की डॉक्टरीणबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तोच आकडा. हुकूमबाई माना वेळावत घरी आल्या. आणि आठवड्याने दोघींना तातडीचं बोलावणं आलं.

या वेळी डॉक्टरीणबाईंच्या बुचड्यात पेन्सिल नव्हती, ती त्यांच्या हातात होती आणि तिचं टोक मोडलेलं होतं.

"आजी, मला समितीने कळवलंय," त्या म्हणाल्या. "रक्तात औषध किती आहे ते आम्ही तपासतो. तुमच्यापैकी एकीच्या रक्तात आधी औषध होतं, आता नाही. दुसरीच्या रक्तात आधी नव्हतं, आता आहे. तुम्हा दोघींनाही या अभ्यासातून काढलंय. आता मला फक्त एवढंच सांगा, हे कसं झालं?"

विहीणबाई चकित होऊन बघत राहिल्या. हुकूमबाईंनी खाली मान घातली. बाहीतला एक्का पडला तेव्हासुद्धा त्यांना इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

"मी बदलल्या," त्या म्हणाल्या. "या कॉफी करायला आत गेल्या, तेवढ्यात बदलल्या. यांची भरलेली मी घेतली, माझी रिकामी यांना दिली. मला काय बोलायचं ते बोला."

डॉक्टरीणबाईंनी मोडकी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "आजी, उलटं."

"काय उलटं?"

"भरलेली तुमची होती. पहिल्या दिवसापासून. तुम्ही ती यांना देऊन टाकलीत आणि यांची रिकामी घेऊन आलात."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं काय असतं ते हुकूमबाईंना त्या क्षणी समजलं. विहीणबाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला आणि त्यांनी घाईघाईने खोकल्याचं सोंग घेतलं.

"पण माझा हात!" हुकूमबाई ओरडल्या. "माझा हात बरा झालाय! घड्याळ लावलं मी! तुमच्या यंत्राला विचारा!"

"यंत्र खरं सांगतं. हात सुधारलाय, यात वाद नाही. रिकाम्या कॅप्सूलने पुष्कळांना बरं वाटतं, हाताच्या दुखण्यात तर फारच."

"म्हणजे माझा हात मूर्ख आहे?"

"नाही हो. दुखतं सांध्यात, पण ते दुखणं वाचतो मेंदू. त्याला खात्री पटली, की तो कळ जरा हळू वाचतो. कळ कमी झाली, की माणूस हात वापरतो, आणि वापरला की हात आणखी सुटतो. म्हणूनच तर आम्ही कुणाला काही सांगत नाही." डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बदलला. "पण एक गोष्ट तुमच्या डोक्यात आली का? हे नवीन औषध आहे. ते द्यायच्या आधी ज्याची त्याची तपासणी करतो, प्रत्येक महिन्याला रक्त बघतो. कुणाला चाललं नाही तर काय करायचं याची तयारी ठेवतो. तुम्ही ते यांच्या बाटलीत ओतलंत आणि समितीच्या नोंदीत तर या रिकामी खातायत. यांना काही झालं असतं तर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो."

हे खरंच हुकूमबाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण रिकामी दिली, म्हणजे फार तर यांचं दुखणं परत येईल, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. ताठ पाठ, नीट विंचरलेले पांढरे केस, मांडीवर ठेवलेले वाकड्या बोटांचे हात.

तेव्हा विहीणबाईंनी खोकणं थांबवलं. "डॉक्टर, यांना एकट्यांना रागावू नका. एका हाताने टाळी वाजत नाही. मीही थोडी वाजवली आहे."

"तुम्ही काय केलंत?"

"यांना वाटलं, की औषध मला मिळालं. पण तसं वाटायला लावलं कुणी? मी. माझ्या हाताला काडीचा फरक नव्हता. ती जॅमची बरणी मी स्वयंपाकघरात नळाच्या गरम पाण्याखाली धरली, झाकणाखाली चमच्याचा दांडा घालून ते ढिलं केलं, आणि मग टेबलावर येऊन उघडली. झाली टक. त्या टकने माझा अंगठा रात्रभर ठणकला. आणि सुईत दोरा ओवायचा म्हणाल, तर तो शेजारणीने ओवला."

हुकूमबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "तुम्ही? तुम्ही लबाडी केलीत? अहो, तुम्ही भूमितीच्या!"

"हो, भूमितीची. इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही मला बनवलंत, आणि मी सगळं बघून गप्प बसत आले. म्हटलं, मरायच्या आधी एकदा आपणही बनवून बघावं. मला काय ठाऊक, तुम्ही गुडघ्यांवर येऊन गालिचा झाडाल?"

"तुम्हाला कसं कळलं गालिच्याचं?"

"एक कॅप्सूल सोफ्याखाली राहिली होती. मला वाटलं माझीच पडली असेल, मी टाकून दिली. आत्ता उलगडा झाला." मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण खरं सांगू? या गेल्या काही आठवड्यांत सकाळी हात थोडे मोकळे वाटत होते. मी कुणाला बोलले नाही. आधीच खोटं बोलून बसले होते, आता खरं कोण मानणार?"

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. औषध घेणारीला वाटत होतं आपल्याकडे रिकामी आहे, रिकामी घेणारीला वाटत होतं आपल्याकडे औषध आहे, आणि दोघींनाही बरं वाटत होतं. आणि यातलं एक अक्षरही त्यांना आता वापरता येणार नव्हतं. त्यांनी रागवायचं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांना हसूच फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुमचे आकडे मला खोडावे लागणार. तुमच्या जागी दोन नवी माणसं शोधावी लागणार. कृपा करून त्या एकमेकींच्या विहिणी नसाव्यात."

नवी माणसं हुकूमबाईंनीच आणली. आपल्या इमारतीतली एक सुताराची बायको आणि पलीकडच्या गल्लीतला निवृत्त न्हावी. दोघांची एकमेकांशी ओळख नाही ना, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. त्याने नुकसान भरून निघालं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी निदान पेन्सिल पुन्हा बुचड्यात खोचली.

रिकाम्या कॅप्सूलचं गुपित फुटल्यावर हुकूमबाईंनी ठरवलं होतं, की हात पुन्हा बिघडू द्यायचा नाही. "कळलं म्हणून काय झालं? बरा झाला तो झाला." पण हात ऐकेना. काही दिवसांतच सकाळी बोटं आखडू लागली. पहिल्याइतकी नाही, पण आखडू लागली. त्या निमूटपणे डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि दार लावून घेऊन विचारलं, "ती रिकामी परत मिळेल का? मला ठाऊक आहे ती रिकामी आहे. मी माझ्या हाताला सांगणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी ती दिली नाही. त्यांनी दोघींना वरच्या मजल्यावर पाठवलं, हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे. त्या बाई दणकट होत्या आणि त्यांच्यापुढे कुणाचा हुकूम चालत नव्हता. मऊ चेंडू दाबायचा, रबर ताणायचं, प्रत्येक बोट अंगठ्याला टेकवायचं. "घरी करता ना?" असं त्या विचारायच्या, आणि दोघी एकदम "हो" म्हणायच्या, आणि बाई एकदम "खोटं" म्हणायच्या. पण हळूहळू फरक पडत गेला. जादूसारखा नाही, उन्हात कपडे वाळतात तसा, बघत बसलं तर न दिसणारा.

व्यायामाच्या आधी हात कोमट मेणात बुडवायचे असत. वितळलेल्या मेणाच्या भांड्यात हात घालायचा, काढायचा, परत घालायचा, की हातावर पांढरा मोजा चढतो. मग वर प्लास्टिक, त्यावर टॉवेल, आणि स्वस्थ बसून राहायचं. तेवढा वेळ माणसाला दोन्ही हातच नसतात. त्या दिवशी बाई दोघींचे हात गुंडाळून बाहेर गेल्या. दोघी विहिणी शेजारीशेजारी बसल्या होत्या, मांडीवर टॉवेलची दोन-दोन गाठोडी घेऊन. मेणाची ऊब हाडांपर्यंत जात होती.

आणि हुकूमबाईंच्या नाकाला खाज सुटली.

त्यांनी नाक मुरडलं. ओठ वर करून बघितला. फुंकर मारून बघितली. शेवटी गाठोडं वर उचलायला लागल्या.

"हलवू नका," विहीणबाई म्हणाल्या. "मेण तडकलं तर बाई पुन्हा पहिल्यापासून बुडवायला लावतील."

"अहो, नाक जळतंय माझं! काहीतरी करा!"

"करीन. पण आधी एक राहिलंय ते करा."

"काय राहिलंय?"

"डॉक्टरांपुढे तुम्ही सगळं कबूल केलंत. मला मात्र अजून एका शब्दाने काही म्हणाला नाहीत."

हे खरंच होतं. त्यांनी माणसं आणून दिली, पिशव्या उचलल्या, आग्रहाने वाढलं, पण तो एक शब्द काही त्यांच्या जिभेवर आला नव्हता. त्या शब्दाची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. नाक आता पेटलं होतं. पण नाकामुळे नव्हे, किंवा निदान सगळं नाकामुळे नव्हे, त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, विहीणबाई. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, मला कळत नाही. माफ करा मला."

विहीणबाईंनी समोर बघत मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेही पुसता येत नव्हतं.

"केलं माफ," त्या म्हणाल्या.

"मग आता खाजवा की!"

विहीणबाईंनी आपली दोन गाठोडी हुकूमबाईंना उचलून दाखवली. "कशाने?"

"अहो, मग मला उगीच—"

"मीही चुकले," विहीणबाई म्हणाल्या. "या इकडे. खांद्यावर घासा."

व्यायामाच्या बाई परत आल्या तेव्हा हुकूमबाई विहीणबाईंच्या खांद्यावर नाक घासत होत्या, विहीणबाई त्यांच्या केसांना डोळे पुसत होत्या, आणि दोघींपैकी एकीच्याही मेणाला तडा गेलेला नव्हता.